भंगारातले चार आयपी कॅमेरे आणि माझे तीन रविवार

मागच्या महिन्यात एका ओळखीच्यांचं ऑफिस दुसरीकडे हललं, तेव्हा तिथल्या अडगळीतनं चार जुने आयपी कॅमेरे, म्हणजे नेटवर्कला जोडायचे पाळतीचे कॅमेरे, निघाले. टाकूनच देणार होते, मी म्हणलं थांबा, द्या इकडे. पांढरं प्लास्टिक पिवळं पडलेलं, मागे लॅनचं एक भोक, पॉवरचं एक, दोघांना वायफायची काडीसारखी अँटेना. तळाला स्टिकरवर लिहिलेलं की इंटरनेट एक्स्प्लोरर ६ किंवा त्यापुढचं वापरा. हे ६ नंबरचं एक्स्प्लोरर २००१ मध्ये आलेलं, तेव्हा वयाचा अंदाज करा. बायको म्हणाली, "अरे, घरात आणायच्या आधीच टाकून आला असतास तर एक फेरी वाचली असती," पण ऐकतो कोण.

माझं म्हणणं सोपं होतं. काच म्हणजे काच, सेन्सर म्हणजे सेन्सर, ते दहा-पंधरा वर्षांत काही विसरत नाहीत. जुनं होतं ते आतलं सॉफ्टवेअर, पासवर्डची पद्धत, ते वेब पेज, ते बंद पडलेलं मोबाईल अ‍ॅप. मग कॅमेऱ्याकडनं फक्त बघायचं काम करून घ्यायचं आणि विचार करायचं, साठवायचं, कळवायचं काम दुसऱ्या कुणाकडे तरी द्यायचं. हे "दुसरं कुणीतरी" म्हणजे माझा जुना लॅपटॉप, ज्याच्या कीबोर्डची चार बटणं मेलीयेत म्हणून तो कपाटात पडून होता.

आता सुरुवातच कशी झाली ते सांगतो. चारपैकी दोन अ‍ॅडॉप्टर मेलेले होते, एक उघडून बघितला तर आतला कपॅसिटर वरनं पुरीसारखा फुगलेला. ठीके, घरात अ‍ॅडॉप्टरचा डबा असतोच, त्यातला पिन बसणारा एक काढला, लावला, टिक असा आवाज आला, आणि मग तो वास. ज्यांनी कधी सर्किट जाळलंय त्यांना तो वास सांगायला नको. कॅमेरा ५ व्होल्टचा होता आणि मी १२ व्होल्ट घातले, पिन मात्र दोघांची सेम टू सेम. तर चाराचे तीन झाले तेही पहिल्या अर्ध्या तासात. जुन्या कॅमेऱ्यांमध्ये हे फार बेकार आहे, ५ वाले पण असतात, १२ वाले पण असतात आणि भोक तेच, त्यामुळे स्टिकर वाचा, स्टिकर पुसला असेल तर मूळ अ‍ॅडॉप्टरवर वाचा, आणि तेही नसेल तर हात जोडून नाद सोडा. ज्याला पीओई आहे म्हणजे लॅनच्या वायरीतनंच पॉवर घेतो त्याचं बरं असतं, ८०२.३एएफ लिहिलेलं असेल तर ते २००३ चं स्टँडर्ड आहे आणि आजचा पीओई स्विच त्याला बिनधास्त चालतो. माझ्या तिघांपैकी एकच तसला निघाला.

पुढचा प्रश्न, हा कॅमेरा नेटवर्कवर आहे कुठे? मागचं रीसेटचं भोक सेफ्टीपिननं दाबून धरलं, वीस-तीस सेकंद, की तो कारखान्यातनं निघाला तसा होतो, पण कारखान्यातनं निघताना त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, काय होता हे कोण सांगणार. इथे एक युक्ती आहे जी मला जाम आवडते. कॅमेरा थेट लॅपटॉपला वायरनं जोडायचा, वायरशार्क, म्हणजे वायरीतनं जाणारी डेटाची पाकिटं दाखवणारा प्रोग्रॅम, चालू करायचं आणि मग कॅमेऱ्याची पॉवर काढून परत द्यायची. चालू होताना बहुतेक कॅमेरे नेटवर्कवर ओरडतात की हा आयपी माझा आहे, दुसऱ्या कुणाचा आहे का? या ओरडण्याचं, म्हणजे एआरपीचं, पाकीट स्क्रीनवर दिसतं, त्यात आयपी लिहिलेला असतो. माझ्या एकाचा १९२.१६८.० वाला निघाला आणि दुसऱ्याचा चक्क १० नं सुरू होणारा. मग लॅपटॉपला त्याच रांगेतला आयपी द्यायचा, की ब्राउझरमध्ये लॉगिनची खिडकी येते, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन, आणि आत.

आत म्हणजे कुठे, तर कोऱ्या पानावर. वर मेनू, खाली बटणं, आणि जिथे चित्र यायला हवं तिथे एक करडा चौकोन, प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा जादा तुकडा, नाही म्हणून. त्या काळात कॅमेऱ्याचं चित्र ब्राउझरमध्ये दाखवायला अ‍ॅक्टिव्हएक्स लागायचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं प्लगइन, जे फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चालायचं, नाहीतर एनपीएपीआय नावाचं दुसऱ्या ब्राउझरांचं प्लगइन प्रकरण. क्रोमनं एनपीएपीआय २०१५ मध्ये काढून टाकलं, फायरफॉक्सनं २०१७ मध्ये, आणि १५ जून २०२२ ला एक्स्प्लोररच रिटायर झालं. एजमध्ये अजून आयई मोड म्हणून एक मागचं दार ठेवलंय, मायक्रोसॉफ्टनं ते किमान २०२९ पर्यंत ठेवू असं सांगितलंय, आणि सेटिंग्ज बदलायला एकदा-दोनदा ते वापरायला हरकत नाही, मी पण वापरलं. पण रोज चित्र बघायला म्हणून त्यात अडकू नका. कॅमेऱ्यातनं उतरलेलं बिनसहीचं अ‍ॅक्टिव्हएक्स चालवायला जी जी सेटिंग्ज ढिली करावी लागतात ती बघून माझ्या पोटात गोळा आला.

खरं तर त्या पानाची गरजच नाहीये. पान सोडा, पानाचा सोर्स बघा. उजवं क्लिक, व्ह्यू पेज सोर्स, आणि त्यात सीजीआय (कॅमेऱ्यातल्या छोट्या प्रोग्रॅमच्या पत्त्यात येणारी अक्षरं) शोधा. त्या करड्या चौकोनाला चित्र कुठून आणायचं हे कुणीतरी सांगितलेलं असणारच ना, ते तिथेच जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं असतं. एखादा स्नॅपशॉटचा पत्ता सापडतो, एखादा व्हिडिओ स्ट्रीमचा. माझ्या पहिल्या कॅमेऱ्यात बावीस नंबरच्या ओळीत होता. तो उचलून नव्या टॅबमध्ये टाकला, एंटर मारला, आणि आलं की चित्र, कुठलंही प्लगइन नाही काही नाही, आजच्या क्रोममध्ये, पंख्याचं एक पातं आणि खाली माझं अर्धं कपाळ. रात्रीचा दीड वाजला होता, ओरडता पण येईना.

हे चाललं कारण हा कॅमेरा एमजेपीईजी देतो. म्हणजे व्हिडिओ वगैरे काही नाही, एकामागून एक जेपीईजी फोटो पाठवत बसायचं, एवढंच. फोटो कुठलाही ब्राउझर दाखवतो. या पद्धतीचा एक गुण पण आहे जो लोक विसरतात, प्रत्येक फोटो स्वतंत्र असतो त्यामुळे मध्ये एखादा हरवला तरी पुढचा स्वच्छ येतो, चित्र फरफटत नाही, आणि उशीर पण कमी. दोष एकच, खादाडपणा. माझ्याकडे ६४० बाय ४८० चा एक फोटो साधारण ४० केबीचा येतो, सेकंदाला १५ म्हणजे ६०० केबी, आणि दिवसाचे होतात जवळपास ५२ जीबी. एका कॅमेऱ्याचे! तेच चित्र एच.२६४ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीत, बदललं तर सेकंदाला ५०० किलोबिटमध्ये, म्हणजे साधारण ६२ केबीमध्ये, छान बसतं, दिवसाचे साधारण साडेपाच जीबी. म्हणून मधे भाषांतर करणारा कुणीतरी पाहिजे.

ते काम गो२आरटीसी नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो, फुकट आहे, ओपन सोर्स आहे. एका बाजूनं कॅमेऱ्याचं जे असेल ते घेतो, आतल्या आत एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅमला सांगून त्याचं एच.२६४ करून घेतो, आणि दुसऱ्या बाजूनं मोबाईलला, ब्राउझरला, रेकॉर्डरला ज्याला जसं पाहिजे तसं वाढतो. अजून एक फायदा, जुने कॅमेरे एका वेळी चार-पाच बघे आले की गुदमरतात, इथे कॅमेऱ्याला बघणारा एकच, बाकी सगळी पंगत लॅपटॉपकडे. कन्व्हर्ट करायला प्रोसेसरवर ताण येतो हे खरं, पण इंटेलच्या २०११ नंतरच्या बहुतेक चिपमध्ये क्विक सिंक नावाचं व्हिडिओचं वेगळं हार्डवेअर असतं ते हे काम बसल्या बसल्या करतं. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर करणार असाल तर एक गंमत ऐका, पाय ४ मध्ये एच.२६४ बनवायचं हार्डवेअर आहे आणि नव्या पाय ५ मधनं ते काढून टाकलंय, म्हणजे इथे पण जुनंच कामाचं.

दुसरा कॅमेरा मात्र नाटकी निघाला. तो आरटीएसपीवर, म्हणजे स्ट्रीम पाठवायच्या एका पद्धतीवर, एमपेग-४ द्यायचा, एच.२६४ च्या आधीचं ते जुनं, जे व्हीएलसी प्लेअर वाजवतो पण ब्राउझर हात लावत नाही. आणि व्हीएलसीमध्ये सुद्धा दर थोड्या वेळानं चित्राचा खालचा अर्धा भाग करडा होऊन वितळायचा, जसं ओल्या रंगावरनं कुणी हात फिरवलाय. दोन तास मी वायर बदलतोय, स्विच बदलतोय, शेवटी कळलं की आरटीएसपी आपोआप यूडीपीवर, म्हणजे पोचपावती न घेता पाकिटं टाकायच्या पद्धतीवर, जात होतं, पाकिटं गळत होती आणि विचारणारं कुणी नाही. टीसीपी, म्हणजे गळलेलं परत मागवणारी पद्धत, वापर म्हणून सांगितलं, एका शब्दाचा बदल, वितळणं बंद. दोन तास.

वायफायचा तर विषयच सोडा. दोन अँटेनावाल्यांपैकी एकाला फक्त वेप हे वायफायचं जुनं कुलूप येतं, जे २००४ मध्येच बाद ठरलं, दुसऱ्याला त्याच्या नंतरचं पण जुनंच डब्ल्यूपीए, आणि दोघंही २.४ गिगाहर्ट्झचे. माझा राउटर वेप दाखवत पण नाही. पण समजा दाखवत असता तरी एका कॅमेऱ्यासाठी अख्ख्या घराच्या वायफायचं कुलूप मोडायचं का? वायर ओढली गुमान. वायरीत १०० एमबीपीएस मिळतात, या कॅमेऱ्यांना त्याच्या दहावा भाग पण पुरतो.

आता ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो ते. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सगळं चालू झालं म्हणून खुशीत होतो, आणि सहज म्हणून टीसीपीडम्प हा पाकिटं दाखवणारा प्रोग्रॅम लावून बघितलं की हे तिघं मोकळ्या वेळात काय करतात. त्यातला एक दर काही सेकंदांनी कुठल्यातरी सर्व्हरचं नाव विचारत होता, डीएनएसला (नावावरनं आयपी सांगणारी यंत्रणा), परत परत, बंद पडलेल्या अ‍ॅपचा सर्व्हर असणार बहुतेक. त्या नावाचा मालक उद्या दुसराच कुणी झाला तर? कॅमेरा त्यालाच चित्र देणार, त्याला काय कळतंय. दुसऱ्यानं राउटरला यूपीएनपीवरनं, म्हणजे उपकरणं राउटरकडे आपोआप मागणी करतात त्या सोयीनं, सांगून स्वतःसाठी बाहेरचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरनं आत यायचं दार, उघडून घेतला होता. मला न विचारता! आणि टेलनेट, म्हणजे लांबून हुकूम द्यायची जुनी सोय, चालू, ज्याचा पासवर्ड वेब पेजवर बदलला तरी बदलत नाही, कारण तो फर्मवेअरमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्येच, कोरलेला. वेब पेजचा पासवर्ड म्हणाल तर बारा अक्षरांच्या पुढे तो कापतो, गुपचूप, सांगत पण नाही.

हे वाचून "माझ्या अंगणाचं चित्र बघून कुणाला काय मिळणार" असं म्हणणारे असतात, मी पण म्हणायचो. चित्र कुणाला नकोच असतं हो, त्यांना कॅमेऱ्यातला कॉम्प्युटर पाहिजे असतो. २०१६ चं मिराई हे मालवेअर आठवतंय का? त्यात काही हुशारी नव्हती, टेलनेट उघडं दिसलं की कंपनीनं दिलेल्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या एकेक करून लावून बघायच्या, बास. अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन, रूट-१२३४५, असल्या. त्यातनं लाखभर कॅमेरे, डीव्हीआर, राउटर यांची फौज उभी राहिली आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला तिनं डाइन (Dyn) नावाच्या डीएनएस कंपनीवर हल्ला केला, ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट सगळं कितीतरी लोकांना तासन्‌तास उघडेना. ज्यांच्या भिंतीवरचे कॅमेरे यात होते त्यांना पत्ताच नव्हता, चित्र तर नीट दिसत होतं ना. मिराई फक्त मेमरीत राहायचं त्यामुळे कॅमेरा बंद-चालू केला की जायचं, आणि पासवर्ड तोच असला की काही मिनिटांत परत यायचं.

माझ्या कॅमेऱ्यांना शेवटचं फर्मवेअर येऊन दशक उलटलंय, आता कुणी येऊन भोकं बुजवणार नाही. म्हणून मी त्यांना विश्वासातच घेतलं नाही. लॅपटॉपला दुसरं यूएसबीचं लॅन कार्ड लावलं, त्याला एक स्वस्तातला छोटा स्विच, आणि तिन्ही कॅमेरे त्या स्विचला. तो स्विच राउटरला जोडलेलाच नाही. कॅमेऱ्यांना गेटवे (बाहेर जायचा रस्ता) नाही, डीएनएस नाही, लॅपटॉपवर एका कार्डावरनं दुसरीकडे पाकीट ढकलणं बंद. त्यांच्या दृष्टीनं जगात फक्त एक लॅपटॉप आहे. व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं नेटवर्क) वगैरे करता येत असेल तर तसं करा, पण मला ही वायरच वेगळी असलेली पद्धत बरी वाटते, डोळ्यांनी दिसते, रात्री झोप लागते. बाहेर असताना बघायचं असेल तर मोबाईलवरनं वायरगार्डचं व्हीपीएन, म्हणजे कुलूपबंद बोगदा, करून लॅपटॉपपर्यंत यायचं, राउटरवर कॅमेऱ्यासाठी पोर्ट फॉरवर्ड करायचा नाही म्हणजे नाही, आणि यूपीएनपी बंद. कॅमेऱ्याचं एचटीटीपीएस पण टीएलएस या कुलपाच्या १.० आवृत्तीच्या पुढे जात नाही, जे ब्राउझरांनी २०२० मध्ये बंद केलं, तर आतल्या आत साधं एचटीटीपी चालू दे, बाहेरच्या बाजूचं कुलूप लॅपटॉप सांभाळतो.

तिसऱ्या रविवारी फ्रिगेट टाकलं. हा ओपन सोर्स रेकॉर्डर आहे, चित्रातलं माणूस, गाडी, कुत्रा ओळखतो. इथे मला वाटलेलं की ६४० बाय ४८० मध्ये याला काय दिसणार, नवीन कॅमेरे ४के काय ८ मेगापिक्सेल काय. पण आत जाऊन वाचलं तर कळलं की हे ओळखणारं मॉडेल स्वतः ३०० किंवा ३२० पिक्सेलच्या चौकोनात बघतं! ४के चं चित्र दिलं तरी ओळखण्यासाठी लहान करून किंवा हालचालीपुरता तुकडा कापूनच घेणार, आणि सेकंदाला ५ फ्रेम पुरतात. म्हणजे माझ्या म्हाताऱ्याचं चित्र त्याला अगदी मापात बसतं. पूर्वी या कॅमेऱ्याचं मोशन डिटेक्शन म्हणजे पान हललं की ईमेल, ढग आला की ईमेल, आणि ते ईमेल सुद्धा आता जात नाहीत कारण त्याला धड टीएलएस येत नाही आणि नुसत्या पासवर्डवर मेल पाठवायची सोय जीमेलनं २०२२ मध्ये बंद केली. आता फक्त माणूस आला तर मोबाईलवर फोटो येतो. परवा मांजर आलं, गप्प राहिला. कुरियरवाला आला, बोलला. ज्या कॅमेऱ्याला त्याच्या तरुणपणी माणूस आणि झाडाची फांदी यातला फरक कळला नव्हता तो आता सांगतो की दारात कुणीतरी आलंय, त्याच डोळ्यानं.

पण उगाच चढवून ठेवत नाही. माणूस आला हे कळणं वेगळं आणि कोण आला हे कळणं वेगळं. याचा एक साधा हिशोब आहे, सीसीटीव्हीवाले पण तोच लावतात, मीटरला किती पिक्सेल. कुणीतरी आहे एवढं कळायला मीटरमागे २५ पुरतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि अनोळखी माणसाची खात्रीनं ओळख पटवायची तर २५०. माझं चित्र ६४० रुंद. ५ मीटर रुंदीचं दार-अंगण दिसत असेल तर मीटरला १२८, म्हणजे शेजारचे काका ओळखू येतील, चोर नाही. चोराचा चेहरा पाहिजे तर अडीच मीटर रुंदीवर कॅमेरा आवळायला लागेल. म्हणून जिथे पुरावा लागणार आहे, गल्ला आहे, मुख्य दार आहे, तिथे सरळ नवीन घ्या, मी पण मुख्य दाराला नवीनच लावलाय. हे तिघं मागचं अंगण, जिना आणि पाण्याची टाकी बघतात. टाकीचा कॅमेरा तर मला सगळ्यात आवडतो, पाणी कुठपर्यंत आलं ते वर न जाता दिसतं, त्याला चेहरा ओळखायचाच नाहीये.

घड्याळाचं राहिलंच. आतली बटणाएवढी बॅटरी तिघांची पण गेलेली, त्यामुळे लाईट गेली की कॅमेरा १ जानेवारी १९७० ला जाऊन बसतो आणि चित्रावर तसंच छापतो. इंटरनेट तोडल्यामुळे त्याला वेळ विचारायला कुणी नाही, मग लॅपटॉपवरच क्रोनी हा वेळ देणारा प्रोग्रॅम लावून त्यांना वेळ सांगणारा तोच केला. एकानं तेही ऐकलं नाही, त्याची तारीख चित्रावरनं काढूनच टाकली, वेळ रेकॉर्डर लिहितो. जाता जाता, याच्या सेटिंगमध्ये वर्षाची जी यादी आहे ती २०३७ ला संपते, कारण त्याचं ३२ बिटांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला भरतं. बनवणाऱ्यानं तिथवरचा विचार केला होता, आणि टेलनेटचा पासवर्ड मात्र कोरून ठेवला, काय बोलायचं.

बाकी म्हातारपणाचे आजार आहेतच. रात्रीचे आयआर (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) दिवे मंद झालेत, जिन्याच्या कॅमेऱ्याला तर मी वेगळा आयआर दिवा लावला. दिव्याच्या उबेला कोळी येतात आणि रात्री लेन्ससमोर जाळं म्हणजे पांढऱ्या फटाक्यासारखं दिसतं, आठवड्याला एकदा मऊ ब्रश फिरवतो. अंगणातल्याचा फिल्टर अडकतो. दिवसा लेन्सच्या मागे आयआर अडवणारी छोटी काच सरकते, रात्री बाजूला होते, टक् असा आवाज येतो, आणि याची ती काच सकाळी कधी कधी परत येतच नाही, मग हिरवी झाडं जांभळी दिसतात. बाजूनं टिचकी मारली की सुटते. आत्ता हे लिहिता लिहिता बघतोय तर झाडं परत जांभळी झालीयेत, तेव्हा शिडी काढतो, तुमच्याकडे असला कुठला कॅमेरा असेल आणि स्ट्रीमचा पत्ता सापडत नसेल तर खाली मॉडेल टाका, बघू.